पन्हाळ्यावरचे फुटीर

पन्हाळ्याच्या वेढ्याची गोष्ट महाराष्ट्रात चौथीतल्या पोरालाही येते. 1660 चा पावसाळा, गडाखाली सिद्दी जौहरचा तळ, 12 जुलैची रात्र, शिवा काशीद, घोडखिंड, बाजीप्रभू. सिद्दी जौहर या गोष्टीत खलनायक म्हणून येतो आणि महाराज निसटले की पडद्याआड जातो. त्याचं मागचं-पुढचं कुणी सांगत नाही. खरं तर तेच जास्त मजेशीर आहे. हा कर्नूलकडचा सरदार विजापूरशी बंड करून बसला होता. शिवाजी महाराजांवर चालून जाण्याच्या बोलीवर आदिलशहाने त्याला माफी दिली, सलाबतखान हा किताब दिला आणि पन्हाळ्याकडे धाडलं. महाराज वेढ्यातून सुटले तेव्हा विजापुरात पहिलं बोट जौहरकडेच गेलं. हा मुळातला बंडखोर, यानेच आतून वाट दिली असणार. आदिलशहा स्वतः फौज घेऊन निघाला आणि जौहर पुन्हा बंडात गेला.

विजापूरच्या दरबारातून पाहिलं तर एका बंडखोराला धरायला दुसरा बंडखोर पाठवला होता. गडावरचे शिवाजी महाराज हे त्या दरबाराच्या लेखी आपल्याच सरदाराचे, शहाजीराजांचे, हाताबाहेर गेलेले चिरंजीव. आपण त्याला स्वराज्य म्हणतो आणि ते बरोबरच आहे. पण स्वराज्याची सुरुवात म्हणजे असलेल्या राज्यातून फुटून निघणं, ही गोष्ट आपण सहसा उच्चारत नाही. फुटीरपणाला शिव्या देताना तर मुळीच नाही.

फुटून निघणाऱ्यांबद्दल आजच्या माणसाला सहानुभूती वाटते. स्कॉटलंडने 18 सप्टेंबर 2014 ला ब्रिटनमधून बाहेर पडायचं का यावर मतदान केलं. 55 टक्के लोक नको म्हणाले, 45 टक्के हो. त्या दिवसांत आपल्याकडे ज्यांचा स्कॉटलंडशी संबंध फक्त दारूच्या बाटलीवरच्या नावापुरता, त्यांनाही वाटत होतं की जाऊ द्यावं बिचाऱ्यांना. 1 ऑक्टोबर 2017 ला कॅटलोनियात पोलीस लोकांना मतदान केंद्रातून ओढून बाहेर काढत होते. ती दृश्यं टीव्हीवर पाहणाऱ्याच्या मनात स्पेनच्या राज्यघटनेची कलमं आली नाहीत. 1971 मध्ये तर आपण बांगलादेशासाठी लढलोच. विसाव्या शतकात साम्राज्यं मोडली आणि आपणही त्यातूनच सुटलो. त्यामुळे ‘आम्हाला तुमच्यात राहायचं नाही’ या वाक्याला आपल्या कानात एक न्याय्य सूर आहे.

त्या सहानुभूतीच्या पोटात एक गृहीतक असतं. राज्याला माझी निष्ठा हवी असेल तर ती कमवावी लागेल. कमवली नाही तर ती काढून घ्यायचा हक्क मला आहे. हे गृहीतक एकदा मान्य केलं की ते फक्त स्कॉटलंडपुरतं ठेवता येत नाही. घरापर्यंत येतं. आणि घरी आलं की आपल्याला ते आवडत नाही.

जुन्या काळी असं नव्हतं, निष्ठा म्हणजे निष्ठा होती, खाल्ल्या मिठाला जागणं होतं, असं वाटत असेल तर पन्हाळ्याचा इतिहास नीट वाचावा. निष्ठेला अटी तेव्हाही होत्या. फक्त अट घालायचा मान सगळ्यांना नव्हता.

जेधे आणि खोपड्यांचं उदाहरण पाहा. अफजलखान निघाला तेव्हा मावळच्या देशमुखांना विजापूरची फर्मानं आली. कान्होजी जेध्यांना आलेलं फर्मान 16 जून 1659 चं. खानाला सामील व्हा, नाही तर वतन जाईल, असा त्याचा मतलब. कान्होजी मुलांना घेऊन महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडून स्वराज्यात राहिले. खंडोजी खोपडे खानाला मिळाले. प्रतापगडानंतर खोपडे हाती लागले तेव्हा कान्होजींच्या रदबदलीमुळे जीव वाचला, पण महाराजांनी त्यांचा एक हात आणि एक पाय तोडायला लावला. आपण खोपड्यांना फितूर म्हणतो. विजापूरच्या दप्तरात मात्र त्या वर्षी इमानाने वागलेला माणूस खोपडेच होता. दोघांसमोर प्रश्न एकच होता: कुणाचं ऐकायचं? वर्षानुवर्षं वतन सांभाळू देणाऱ्या बादशाहीचं, की या नव्या माणसाचं? कान्होजींनी नव्या माणसावर विश्वास टाकला. 10 नोव्हेंबरला खान पडला आणि 28 नोव्हेंबरला पन्हाळा स्वराज्यात आला.

संभाजीराजांच्या मोगल सरदार दिलेरखानाकडे जाण्याबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात, म्हणून थोडक्यात सांगतो. 1678 च्या डिसेंबरात राजे मोगलांच्या छावणीत गेले. 1679 च्या एप्रिलमध्ये भूपाळगड पडला आणि दिलेरखानाने तिथल्या 700 जणांचा एकेक हात तोडला. वर्ष संपता संपता राजे तिथून निसटून पन्हाळ्यावर परत आले आणि वडिलांची भेटही इथेच झाली. या प्रकरणावर कादंबऱ्यांनी खूप शाई खर्च केली आहे. मला त्यापेक्षा त्यानंतरचा एक प्रसंग मोलाचा वाटतो. 3 एप्रिल 1680 ला महाराज रायगडावर निवर्तले, संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. मोरोपंत आणि अण्णाजी दत्तो यांनी धाकट्या राजारामांना गादीवर बसवून थोरल्यांना कैद करण्यासाठी पन्हाळ्याचा रस्ता धरला. वाटेत सरनोबत हंबीरराव मोहित्यांनी त्यांनाच धरलं आणि संभाजीराजांपुढे उभं केलं. हंबीरराव सोयराबाईंचे भाऊ, म्हणजे राजारामांचे सख्खे मामा. भाचा गादीवर बसत होता, आणि मामाने त्याच्याच बाजूच्या कारभाऱ्यांना कैद केलं. रक्त, दरबार आणि राज्य या तिन्हींपैकी नेमकं कशाला जागायचं, हे त्याने ठरवलं होतं.

आता कोल्हापूरकरांच्या जिव्हाळ्याची फूट. राजाराम महाराज 1700 च्या मार्चमध्ये सिंहगडावर निवर्तले. त्यानंतर सात वर्षं ताराबाईंनी औरंगजेबाला झुंजवत ठेवलं. 1707 च्या सुरुवातीला औरंगजेब अहमदनगरजवळ मेला आणि त्याचा मुलगा आझमशहा याने मे महिन्यात शाहूंना सोडलं. संभाजीराजांचा हा मुलगा रायगड पडल्यापासून, म्हणजे 1689 पासून, मोगलांच्या ताब्यात होता. सात वर्षांचा पोरगा गेला तो पंचविशीचा होऊन परत आला. त्याला सोडण्यात मोगलांचा डाव उघड होता. मराठ्यांत दोन धनी झाले की आपोआप दोन तुकडे होतील.

ताराबाईंचा युक्तिवाद आज वाचला तरी कान टवकारावेत असा आहे. थोरल्या महाराजांनी मिळवलेलं राज्य संभाजीराजांच्या वेळी गेलं. आज जे आहे ते माझ्या नवऱ्याने आणि मी लढून परत उभं केलं. त्यावर शाहूचा हक्क कसला? वारसाहक्काच्या जमान्यात ही बाई कर्तबगारीचा हक्क सांगत होती. त्याच दमात हा शाहू नव्हेच, तोतया आहे, असंही तिने म्हटलं. पहिल्या मुद्द्यावर पुरता भरवसा नव्हता, म्हणून दुसरा लागला असणार. सरदारांकडून तिने दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या. 12 ऑक्टोबर 1707 ला भीमेकाठी खेडला दोन्ही फौजा समोरासमोर आल्या आणि सेनापती धनाजी जाधव शाहूंकडे गेले. समोरचा माणूस तोतया नाही याची त्यांना खात्री पटली होती. मग शपथेचं काय राहिलं?

सगळ्यांनाच हे इतकं सोपं गेलं नाही. शंकराजी नारायण सचिव हे राजारामांच्या काळात स्वराज्य राखणाऱ्या मोजक्या माणसांपैकी. भोर संस्थान त्यांच्या घराण्याचं. ताराबाईंना दिलेली शपथ मोडवत नाही आणि संभाजीराजांच्या मुलावर हत्यार उचलवत नाही, अशा पेचात त्यांनी भोरजवळच्या अंबवड्याला आपलं आयुष्य संपवलं. समाधी तिथेच आहे. राजकीय निष्ठेवर मोठमोठे ग्रंथ आहेत, पण निष्ठा दोन ठिकाणी खरी असू शकते आणि तेव्हा माणसाचं काय होतं, हे सांगायला अंबवड्याच्या समाधीइतका थेट पुरावा मला दुसरा ठाऊक नाही.

12 जानेवारी 1708 ला शाहूंचा साताऱ्याला राज्याभिषेक झाला. मग ते दक्षिणेत उतरले, पन्हाळा घेतला, ताराबाईंना रांगण्यापर्यंत रेटलं. पाऊस लागला आणि वेढा उठला. शाहूंची पाठ वळताच ताराबाईंनी पन्हाळा परत घेतला आणि 1710 मध्ये इथे वेगळी गादी मांडली. गादीवर मुलगा शिवाजी, कारभार आईचा. कोल्हापूरच्या वेगळ्या राज्याचा जन्म हा असा. गडावरचा त्यांचा वाडा आजही उभा आहे. सरकारी कचेऱ्या आणि शाळा यांनी तो वापरात ठेवला.

या फुटीला काय नाव द्यायचं ते सांगणारा कुठे उभा आहे यावर ठरतं. वारणेच्या उत्तरेला, साताऱ्याकडे, ऐकलं तर ताराबाईंनी राज्य फोडलं. दक्षिणेला ऐकलं तर शाहूच मोगलांच्या छावणीतून आले, बादशाहीची सनद घेऊन राज्य करू लागले, आणि शिवाजी महाराजांचा बाणा जपला तो पन्हाळ्याने. कोल्हापुरात कावळा नाक्यावर ताराराणींचा घोड्यावरचा पुतळा आहे. आंदोलनं, मोर्चे, मिरवणुका तिथून निघतात. त्या चौकात उभं राहून कुणी ताराबाईंना फुटीर म्हणून दाखवावं! म्हणणार नाही कुणी, आणि मलाही म्हणवत नाही. पण मग फुटीरपणा म्हणजे पाप, हे सूत्र आपण मानत नाही हेही तिथेच कबूल करायला हवं.

पुढची गोष्ट कोल्हापूरकर जरा भरभर सांगतात. वेगळं होण्याचं जे समर्थन ताराबाईंनी सांगितलं, ते चार वर्षांत त्यांच्याच वाड्यात त्यांच्यावर उलटलं. 1714 मध्ये त्यांची सवत राजसबाई हिने आपला मुलगा संभाजी याला गादीवर बसवलं आणि ताराबाई व त्यांचा मुलगा दोघांना पन्हाळ्यावरच कैदेत टाकलं. या पालटात रामचंद्रपंत अमात्य होते. शिवाजी, संभाजी, राजाराम, ताराबाईंचा शिवाजी आणि आता हा दुसरा संभाजी, असे पाच छत्रपती पाहिलेला माणूस. राजाराम जिंजीला असताना इकडचं राज्य ज्याने तोलून धरलं तो हा. ताराबाईंच्या पडत्या काळात तो त्यांच्याबरोबर राहिला आणि स्थिर झाल्यावर त्यांच्याविरुद्ध गेला. त्याची समाधी याच गडावर आहे. तिला आपण हात जोडतो, आणि तो बेइमान होता असं म्हणायचं आपल्या मनातही येत नाही. मग त्याला कोणत्या मापाने मोजतो? राज्याचं भलं कशात आहे हे कळणारा माणूस धनी बदलू शकतो, असंच ते माप दिसतं.

याच रामचंद्रपंतांनी 1715 च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ लिहिलं. त्यातला वतनदारांवरचा भाग कुठल्याही राज्यशास्त्राच्या पुस्तकाला लाजवेल असा आहे. त्यांचं निरीक्षण असं: वतनदार हे राज्याचे वाटेकरीच असतात, मिळालेल्या वतनात त्यांचं समाधान नसतं, परचक्र आलं की वतनाच्या लोभाने ते आधी शत्रूशी संधान बांधतात आणि इकडचा भेद तिकडे नेतात. तरीही त्यांना बुडवू नये, कारण त्यांच्याशिवाय मुलूख चालत नाही. एका हातात माया आणि दुसऱ्या हातात दंड ठेवून त्यांना सांभाळावं. हा माणूस निष्ठा गृहीत धरत नाही. माणसं का फुटतात ते त्याने आयुष्यभर जवळून पाहिलं होतं, आणि अंशतः स्वतः करूनही.

फुटीला बाहेरचं गिऱ्हाईक लगेच मिळतं, हेही या वीस वर्षांत दिसतं. धनाजींचा मुलगा चंद्रसेन जाधव 1711 मध्ये बाळाजी विश्वनाथाशी बिनसल्यावर शाहूंना सोडून पन्हाळ्याला आला, आणि इथलं वारं फिरल्यावर निजामाकडे गेला. निजामाने त्याला भालकीची जहागीर दिली. सीमाभागाच्या घोषणेत बिदर-भालकी म्हणतात तीच ही भालकी. 1727 मध्ये निजामाने शाहूंची चौथाई अडवली ती याच कारणावर: तुमच्यात खरा छत्रपती कोण, सातारचा की करवीरचा, म्हणजे कोल्हापूरचा, ते आधी ठरू द्या. करवीरचे संभाजीराजे निजामाला जाऊन मिळाले. फेब्रुवारी 1728 मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडलं आणि तो डाव फसला. फसला नसता तर करवीरच्या गादीची गोष्ट आज आपण कशी सांगितली असती, याचा विचार करून पाहावा.

शेवट झाला तो 1731 च्या एप्रिलमध्ये वारणेच्या तहाने. वारणा आणि कृष्णेच्या दक्षिणेचा मुलूख करवीरला, उत्तरेचा साताऱ्याला. एकाचा शत्रू तो दुसऱ्याचा शत्रू. आणि एक कलम असं की इकडून रुसून गेलेल्या चाकराला तिकडे थारा द्यायचा नाही आणि तिकडून आलेल्याला इकडे. दोन्ही धन्यांना माणसं फुटण्याचा इतका वैताग आला होता की त्यांनी फुटणाऱ्याचा बाजारच बंद केला. भाऊबंदकीचा यापेक्षा शहाणा शेवट आपल्या इतिहासात फारसा सापडत नाही. ताराबाई तोवर साताऱ्याच्या कैदेत गेल्या होत्या. करवीरला परत जायचं का असं विचारल्यावर त्यांनी साताऱ्यातच राहणं पसंत केलं. जी गादी त्यांनी नाकारली, तिच्याच गडावर त्यांनी पुढची तीस वर्षं काढली. 1749 मध्ये शाहू निपुत्रिक गेले तेव्हा आपला नातू म्हणून रामराजा पुढे केला तो त्यांनीच. नंतर त्यालाच कैदेत टाकून 1752 मध्ये जेजुरीला शपथेवर सांगितलं की हा माझा नातू नव्हे. राजकारणात शपथेचा भाव काय असतो, हे त्या बाईइतकं कुणाला कळलं असेल!

या सगळ्या धामधुमीत वारणेच्या दोन्ही काठांवरच्या कुळांना कुणी विचारलं नाही. तह झाला, नदी हद्द ठरली, आणि पेठवडगावच्या कुणब्याचा धनी एक, पलीकडच्या इस्लामपूरच्या कुणब्याचा दुसरा. सेनापतीला बाजू बदलता येत होती, अमात्याला येत होती, देशमुखाला येत होती. कुळाला एकच करता येत होतं. घरदार मोडून रातोरात परागंदा व्हायचं.

सामान्य माणसांनी निष्ठेचा हिशेब मागितला तो प्रसंग पन्हाळ्यावर या तहानंतर शंभराहून जास्त वर्षांनी आला. त्याची आठवण पर्यटकांना कुणी करून देत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. किल्ल्यांवर पिढ्यान्पिढ्या राखण करणारे लोक म्हणजे गडकरी. पगाराच्या बदली त्यांच्याकडे जमिनी असत, चाकरी बापाकडून मुलाकडे जाई. 1838 नंतर कोल्हापूरचा राजा अज्ञान होता आणि इंग्रजांनी दाजी कृष्ण पंडित यांना कारभारी नेमलं. त्यांनी कारभार नेटका करायला घेतला: जुने शिबंदीचे लोक कमी केले आणि गडकऱ्यांच्या जमिनी किल्ल्याच्या व्यवस्थेतून काढून मामलेदारांच्या हाताखाली आणल्या. कचेरीतून पाहिलं तर हा सुधारणेचा भाग होता. गडावरच्या माणसाला मात्र कळलं की आपण आता गडाचे राहिलो नाही.

1844 च्या पावसाळ्यात गडहिंग्लजजवळच्या सामानगडावर गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले. भुदरगड उठला, मग पन्हाळा आणि पावनगड. साताऱ्याचा रेसिडेंट कर्नल ओव्हान्स दौऱ्यावर असताना बंडवाल्यांच्या हाती लागला आणि त्याला पन्हाळ्यावर कोंडण्यात आलं. ऑक्टोबरात सामानगड पडला. 1 डिसेंबर 1844 ला जनरल डेलामोटच्या तोफांनी पन्हाळ्याच्या तटाला खिंडार पाडलं आणि गड घेतला. बंड मोडल्यावर इंग्रजांनी गडाचे बुरूज-दरवाजे पाडले. आज कोल्हापूरकडून गाडी वर येते ती पाडलेल्या चार दरवाज्याच्या जागेवरून. बाजीप्रभूंचा पुतळा तिथे जवळच आहे, लोक थांबतात, फोटो काढतात. दरवाजा कुठे गेला असं विचारणारा क्वचित भेटतो. पश्चिमेचा तीन दरवाजा शाबूत राहिला, म्हणून गडाचं रूप तरी कळतं.

ते गडकरी कुणाशी एकनिष्ठ होते? कोल्हापूरच्या राजाशी म्हणावं तर कारभारी राजाच्याच नावाने काम करत होता. देशाशी म्हणावं तर ती कल्पना अजून गावात आलेली नव्हती. ते एकनिष्ठ होते गडाशी, चाकरीशी आणि चाकरीच्या जमिनीशी. राज्याने आपला शब्द मोडला, म्हणून त्यांनी आपला मोडला. आपण त्यांना स्वातंत्र्याचे आद्य सैनिक म्हणतो. म्हणावं, माझी हरकत नाही. पण त्यांचं भांडण आधी मामलेदाराशी होतं, हे विसरलं की त्यांचं खरं दुखणं आपल्या हातून निसटतं.

अल्बर्ट हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1970 मध्ये ‘एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी’ हे छोटं पुस्तक लिहिलं. नायजेरियातली रेल्वे ट्रकवाल्यांची स्पर्धा असूनही सुधारत का नाही, या प्रश्नातून त्याला ते सुचलं. ज्यांना त्रास होतो ते ओरडत बसत नाहीत, ट्रककडे जातात. मग रेल्वेला बोलणारं कुणी उरत नाही. त्याचं म्हणणं असं की संस्था बिघडली की माणसापुढे दोन रस्ते असतात, निघून जाणं किंवा आवाज उठवणं. निष्ठा म्हणजे पहिला रस्ता धरण्याआधी दुसरा वापरून पाहण्याची तयारी. मात्र निघून जाणं शक्यच नसेल तर आवाजाला कुणी भीक घालत नाही. ही मांडणी पन्हाळ्याला चपखल बसते. सरदारांना निघून जाता येत होतं, म्हणून त्यांचं ऐकलं जायचं. गडकऱ्यांना जायला जागा नव्हती आणि तक्रारीला दारही नव्हतं. त्यांनी होतं ते एकच दार आतून बंद केलं.

स्वतंत्र भारताने हा प्रश्न घटनेत एका बाजूने निकालात काढला. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट सांगितलं की राज्यांनी करार करून हा संघ बनवलेला नाही, म्हणून कुठल्याही राज्याला त्यातून निघण्याचा हक्क नाही. अमेरिकेला हे ठरवायला यादवी युद्ध करावं लागलं, आपण ते आधीच ठरवून ठेवू. फुटून निघायचं दार बंद. पण मग आवाजाचं दार उघडं ठेवावंच लागतं, आणि जिथे ते ठेवलं तिथे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. 1962 च्या मे महिन्यात अण्णादुराईंनी राज्यसभेत द्रविड नाडूची मागणी केली. चीनच्या युद्धानंतर त्यांनी ती सोडली, 1963 च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने निवडणुकीला उभं राहणाऱ्यालाही देशाच्या एकात्मतेची शपथ घालून दिली, आणि 1967 मध्ये अण्णादुराई मद्रासचे मुख्यमंत्री झाले. मिझोरममध्ये 1966 पासून बंदुका होत्या. 1986 मध्ये करार झाला आणि बंडाचा नेता लालडेंगा त्याच वर्षी मुख्यमंत्री झाला. मधली वीस वर्षं तिथल्या गावांनी काय सोसलं ते वेगळंच प्रकरण आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये क्वेबेकबद्दल तिसराच मार्ग सांगितला: एकतर्फी निघता येणार नाही, पण स्पष्ट प्रश्नावर स्पष्ट बहुमत मिळालं तर उरलेल्या देशाला बोलणीला बसावंच लागेल.

आता घरचं. सीमाभागातल्या मराठी माणसाची मागणी देशातून फुटण्याची नाही, कर्नाटकातून निघून महाराष्ट्रात येण्याची आहे. राज्य पुनर्रचनेपासून ती चालू आहे. महाजन आयोगाचा 1967 चा अहवाल महाराष्ट्राने मानला नाही, 2004 पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि 27 डिसेंबर 2022 ला विधिमंडळाने 865 गावांसाठी एकमताने ठराव केला. कोल्हापूर या मागणीचं माहेर आहे. बेळगाव-निपाणीच्या लोकांनी ‘आम्हाला या राज्यात राहायचं नाही’ म्हटलं की आपण त्याला अस्मिता म्हणतो.

त्याच 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी सांगलीच्या जत तालुक्यातल्या गावांचा विषय काढला. त्या दुष्काळी पट्ट्यातल्या गावांनी कर्नाटकात जाण्याचे ठराव केले होते, असं ते म्हणाले. ठराव जुने, 2012 च्या सुमाराचे आहेत, असं महाराष्ट्र सरकारचं उत्तर होतं. इकडे बसना काळं फासणं सुरू झालं, तिकडेही. आणि बेळगावसाठी घसा कोरडा करणाऱ्यांपैकी अनेकांना जतच्या लोकांचा राग आला. महाराष्ट्राच्या मातीत राहून असं बोलता? जतवाले मात्र भाषेचा किंवा संस्कृतीचा मुद्दा काढतच नव्हते. प्यायला आणि शेतीला पाणी द्या, एवढंच म्हणत होते. कर्नाटकाने तुबची-बबलेश्वर योजनेतून पाणी सोडून दाखवलं आणि महाराष्ट्राने विस्तारित म्हैसाळ योजनेचं काम पुढे रेटलं. वर्षानुवर्षं अर्जांनी जे झालं नाही ते जाण्याच्या धमकीने महिन्यात हललं. हर्शमन जतला येऊन गेला असता तर त्याला पुस्तकात आणखी एक प्रकरण घालावं लागलं असतं.

मला वाटतं, बेळगावची मागणी न्याय्य वाटत असेल तर जतच्या गावांना रागावण्याचा हक्क आपल्याला उरत नाही. आणि जतच्या ठरावाला फितुरी म्हणायचं असेल तर कावळा नाक्यावरून जाताना मान खाली घालावी लागेल. माझी बाजू विचाराल तर ती अशी. ज्याचा आवाज ऐकायला दारच ठेवलेलं नाही त्याने वेगळं व्हायचं म्हटलं तर त्याला दोष देऊ नये. 1844 च्या गडकऱ्यांना मी देत नाही. जिथे दार आहे, निवडणूक आहे, न्यायालय आहे, तिथे ते ठोठावत राहणं ही निष्ठा, आणि ठोठावणाऱ्याला वर्षानुवर्षं ताटकळत ठेवणं हा राज्याचा निष्ठाभंग. दुसरा अपराध पहिल्यापेक्षा मोठा, कारण राज्याकडे पोलीस असतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या वकिलांनी उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापुरात व्हावं म्हणून कित्येक दशकं बहिष्कार, मोर्चे, धरणी केली. सर्किट बेंच सुरू झालं ते 18 ऑगस्ट 2025 ला. एवढी वर्षं लागायला नको होती.

आणि निष्ठा एकाच जागी ठेवायची असते हेही आपल्या लोकांनी कधीच सोडलंय. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत कोल्हापुरात काँग्रेसकडून शाहू छत्रपती उभे होते. विरोधकांनी घोषणा काढली, मान गादीला, मत मोदीला. मान आणि मत वेगळं करता येतं, हे त्या घोषणेत गृहीतच होतं आणि ऐकणाऱ्या कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. कोल्हापूरने दोन्ही गादीला दिलं. त्याच निवडणुकीत साताऱ्यातून भाजपचे उदयनराजे भोसले निवडून आले. वारणेच्या दोन काठांवरच्या गाद्यांचे वारस एकाच लोकसभेत समोरासमोरच्या बाकांवर गेले, आणि बसण्याआधी दोघांनीही भारताची सार्वभौमता आणि एकात्मता राखण्याची तीच शपथ घेतली, जी 1963 मध्ये फुटून निघू पाहणाऱ्यांसाठी लिहिली गेली होती.